धर्मशिक्षणावर लक्ष कोणाचे? वेल्स देशाचा एक धडा



आपले मूल शाळेतून घरी येते आणि सांगते, "आज बाईंनी वर्गात बुद्धाची माहिती सांगितली." आपण हातातले काम थांबवून विचारता, "काय सांगितले?" त्या उत्तराकडे आपले सारे लक्ष लागते. बुद्ध हा विष्णूचा अवतार असे सांगितले, की स्वतःच्या बुद्धीने आणि प्रयत्नाने सत्य शोधणारा तो एक मनुष्य होता असे सांगितले? दीक्षेच्या दिवशी आपण अवतारकल्पना नाकारण्याची प्रतिज्ञा घेतली. पण वर्गात काय सांगावे हे ज्यांनी ठरविले, त्यांनी ती प्रतिज्ञा घेतलेली नव्हती. मग वर्गात काय सांगावे हे ठरविले कोणी? आणि ते चुकले असल्यास दाद कोणाकडे मागावयाची?

हा प्रश्न केवळ आपल्यापुढे उभा आहे असे समजू नका. ज्या ज्या समाजाचे वर्णन दुसऱ्याने लिहिले आणि ते वर्णन त्याच समाजाच्या मुलांना पाठ करावे लागले, त्या प्रत्येक समाजापुढे हा प्रश्न उभा राहिला आहे. त्यांपैकी एका लहान देशाची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत. तो देश म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेचा वेल्स. सन २०२१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे ३१ लाख भरली. त्यांपैकी वेल्श भाषा बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे तीन वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांत शेकडा १७.८ होते. वायव्येकडील ग्विनेद प्रांतात मात्र हे प्रमाण शेकडा ६४.४ आहे. इंग्रजीसारख्या प्रबळ भाषेच्या उंबरठ्यावर राहून या लोकांनी आपली भाषा जगविली. ती जगविण्यात धर्मशिक्षणाचा वाटा फार मोठा आहे, म्हणूनच तेथील शाळांत धर्म कोणी आणि कसा शिकवावा हा प्रश्न भाषेच्या प्रश्नाशी जोडला गेला आहे.

थोडा इतिहास पाहू. सन १५८८ मध्ये बिशप विल्यम मॉर्गन याने संपूर्ण बायबल वेल्श भाषेत आणले. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने फिरत्या शाळा काढल्या. शिक्षक एका खेड्यात काही महिने राही, लहानथोरांना वेल्श वाचावयास शिकवी, आणि पुढच्या खेड्याची वाट धरी. त्यानंतर रविवारच्या शाळा आल्या. दिवसभर शेतात व खाणीत राबणारे स्त्रीपुरुष रविवारी आपल्या चॅपेलमध्ये बसून स्वभाषेत वाचू लागले. राजमान्य चर्चपासून फुटून निघालेले स्वतंत्र ख्रिस्ती पंथ हे त्या गरीब लोकांचे खरे विद्यालय झाले. ज्यांना मोठ्या शाळेचे दार बंद होते, त्यांनी आपली शाळा आपणच उभारली. हे वाचताना आपणांस काही आठवल्यावाचून राहणार नाही.

आणि नेमक्या याच लोकांविषयी सन १८४७ मध्ये एक सरकारी अहवाल निघाला. पार्लमेंटच्या मागणीवरून वेल्समधील शिक्षणाची चौकशी करावयास तीन आयुक्त पाठविले गेले. तिघेही इंग्रज, तिघेही राजमान्य चर्चचे, आणि तिघांपैकी एकासही वेल्श भाषा येत नव्हती. त्यांनी चर्चच्या पाद्र्यांच्या साक्षींवर पुष्कळसा भरवसा ठेवला, आणि वेल्श लोक अज्ञानी व नीतिभ्रष्ट असून त्याचे एक कारण त्यांची भाषा व दुसरे कारण त्यांचे स्वतंत्र पंथ होत, असा निष्कर्ष काढला. त्यांनी स्त्रियांच्या शीलावरही शिंतोडे उडविले. या अहवालाची पुस्तके निळ्या वेष्टनाची होती, म्हणून वेल्श लोक आजही त्या घटनेला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. त्या काळी अनेक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरे मूल तसे बोलताना सापडले की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटतेवेळी ज्याच्या गळ्यात तो असेल त्यास शिक्षा होई.

वाचकहो, शाळांत सुधारणेची गरज होती हे त्या काळच्या जाणत्या वेल्श लोकांनाही मान्य होते. त्यांचा राग चौकशीवर नव्हता. ज्यांची चौकशी झाली त्यांपैकी कोणीही चौकशी करणारांच्या बाकावर नव्हता, याचा तो राग होता. त्यांच्या भाषेचा व त्यांच्या धर्माचा न्याय करावयास बसलेल्यांना ती भाषा समजत नव्हती आणि तो धर्म मान्य नव्हता. पुढील पावणेदोनशे वर्षांची कथा म्हणजे त्या बाकावर जागा मिळविण्याची कथा होय.

सन १८७० च्या शिक्षण कायद्याने सार्वजनिक शाळामंडळांच्या शाळांत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकविण्यास मनाई केली, आणि धर्मपाठाच्या वेळी आपले मूल वर्गाबाहेर ठेवण्याचा हक्क पालकांस दिला. वेल्समधील कित्येक शाळामंडळांनी तर त्याही पुढे जाऊन, धर्म शिकवावयास आमच्या रविवारच्या शाळा समर्थ आहेत, दिवसाच्या शाळेत तो नकोच, अशी भूमिका घेतली. सन १९२० मध्ये वेल्समध्ये चर्चचे राजमान्य स्थान कायद्याने संपले. सन १९४४ च्या कायद्याने मात्र इंग्लंड व वेल्समधील सरकारी खर्चाच्या शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे केले. त्याच कायद्याने असेही ठरविले की, त्याचा अभ्यासक्रम राजधानीने लिहावयाचा नाही. प्रत्येक स्थानिक शिक्षणसंस्थेने आपल्या भागातील मंडळींची परिषद भरवून सर्वांच्या संमतीने तो तयार करावयाचा, म्हणून त्यास 'सर्वसंमत अभ्यासक्रम' हे नाव पडले. त्यावर देखरेख ठेवणारे स्थायी सल्लागार मंडळ नेमावे की न नेमावे हे तेव्हा ऐच्छिक होते. सन १९८८ च्या कायद्याने ते प्रत्येक स्थानिक संस्थेवर बंधनकारक केले.

आज वेल्समध्ये २२ स्थानिक संस्था आहेत. त्या प्रत्येकीला असे मंडळ ठेवावे लागते. त्याची घटना नीट लक्षात घेण्यासारखी आहे. वेल्समधील मंडळात तीन गट असतात. पहिल्यात ख्रिस्ती पंथांचे व इतर धर्मांचे प्रतिनिधी, दुसऱ्यात शिक्षकसंघटनांचे प्रतिनिधी, आणि तिसऱ्यात स्थानिक संस्थेचे, म्हणजे निवडून आलेल्या लोकांचे प्रतिनिधी. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडचा एक वेगळा गट असतो. वेल्समध्ये राजमान्य चर्चच नसल्यामुळे तेथील चर्चला इतर पंथांच्या पंगतीस बसावे लागते. मतदानाच्या वेळी माणसे मोजली जात नाहीत, प्रत्येक गटास एकच मत असते. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या परिषदेत तर तिन्ही गटांचे एकमत झाल्याशिवाय अभ्यासक्रम पुढे जात नाही. एकमत झाले नाही तर प्रश्न मंत्र्यांकडे जातो. अभ्यासक्रमाचा फेरविचार दर पाच वर्षांच्या आत करावाच लागतो. मंडळाच्या बैठका जनतेस खुल्या असतात, विषयपत्रिका पाहावयास मिळते, आणि दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करणे भाग असते. धर्माविषयी शाळेत काय चालले आहे हे पाहावयास कोणाही पालकाने जावे, मागच्या बाकावर बसावे आणि ऐकावे. त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नाही.

आता भाषेकडे वळू. वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा सन १९३९ मध्ये अ‍ॅबरिस्टविथ येथे खासगी प्रयत्नाने निघाली. स्थानिक संस्थेच्या खर्चाने चालणारी पहिली शाळा सन १९४७ मध्ये लानेल्ली येथे निघाली. पहिली वेल्श माध्यमिक शाळा रिल या गावी सुरू झाली ती सन १९५६ मध्ये. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आपण नव्या जीवनाची दीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन दूरच्या समाजांनी एकाच वर्षी, आमची ओळख यापुढे आम्हीच सांगू, असा निर्धार केला, ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे.

वेल्श शाळांसाठी धर्मशिक्षणाचे वेगळे मंडळ नाही. त्या त्या स्थानिक संस्थेचे मंडळच इंग्रजी व वेल्श दोन्ही माध्यमांच्या शाळांकडे पाहते. ग्विनेदची स्थानिक संस्था आपला कारभारच वेल्श भाषेत चालविते आणि इतरांसाठी तत्काळ भाषांतराची सोय ठेविते. तेथे अभ्यासक्रमाची चर्चा ज्या भाषेत होते त्याच भाषेत मूल तो शिकते. पण ज्या भागात मंडळावर वेल्श जाणणारे सभासद थोडे असतील, तेथे विचार इंग्रजीत होणार आणि वेल्श प्रत भाषांतराने निघणार. आपणांस वाटेल, त्यात काय बिघडले? बिघडते ते शब्दांत. वेल्श भाषेत बौद्ध धर्माला 'बुधाइथ' म्हणतात. शब्द तयार आहे. पण ध्यान, दुःख, शील, संघ या कल्पना चॅपेलमध्ये घडलेल्या भाषेतून सांगू लागले की त्यांवर नकळत चॅपेलचा रंग चढतो. प्रार्थना, पाप, मुक्तिदाता हे शब्द जिभेवर आधी येतात. त्या वेळी "हा शब्द चालणार नाही, आमचा अर्थ वेगळा आहे" असे सांगणारा माणूस बैठकीत असावा लागतो, आणि तो त्याच भाषेत सांगू शकला तर उत्तम. 'धर्म' आणि 'धम्म' यांतील अंतर सांगण्यासाठी बाबासाहेबांना 'दि बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथात किती पाने खर्ची घालावी लागली, हे ज्यांनी तो वाचला आहे त्यांस ठाऊक आहे. वेल्श भाषेतील शालेय साहित्य इंग्रजीच्या मानाने थोडे आहे, आणि त्यातही लहान धर्मांविषयीचे आणखी थोडे असणार, हे उघड आहे. अशा स्थितीत शिक्षकाच्या हाती जे एक पुस्तक पडते, तेच मुलाला अंतिम सत्य वाटते.

आणि मुले तरी कोणत्या घरची आहेत? सन २००१ च्या जनगणनेत वेल्समधील शेकडा ७१.९ लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले होते. सन २०२१ मध्ये हा आकडा ४३.६ वर आला, आणि 'कोणताही धर्म नाही' असे सांगणारे ४६.५ झाले. मुसलमान शेकडा २.२ आहेत, बौद्ध सुमारे १० हजार, म्हणजे शेकडा ०.३ आहेत. ज्या देशाने आपली भाषा चॅपेलच्या आधाराने जगविली, त्या देशातील निम्म्याच्या आसपास लोक आता कोणत्याच चॅपेलचे नाहीत. मग धर्म न मानणाऱ्यांस या मंडळात जागा का नसावी? सन २०१८ मध्ये एका स्थानिक संस्थेने मानवतावादी प्रतिनिधीस मंडळात जागा नाकारल्यावरून वाद न्यायालयाच्या दारापर्यंत गेला, तेव्हा वेल्सच्या शासनाने अशा प्रतिनिधीस जागा देता येते असा खुलासा केला. पुढे सन २०२१ च्या अभ्यासक्रम कायद्याने ही गोष्ट पक्की केली. विषयाचे नाव 'धर्म, मूल्ये व नीती' असे झाले, आणि ब्रिटनमधील धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती असल्या तरी इतर प्रमुख धर्मांची, तसेच धर्म न मानणाऱ्यांच्या तात्त्विक निष्ठांचीही दखल अभ्यासक्रमाने घेतली पाहिजे असे ठरले. हा विषय सन २०२२ च्या सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने शाळांत आला.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, आणि तीवर आम्ही आपले मत स्पष्टपणे सांगू इच्छितो. मूल धर्मपाठाच्या वर्गाबाहेर ठेवण्याचा पालकांचा जुना हक्क नव्या अभ्यासक्रमात राहिला नाही. शासनाचे म्हणणे असे की, आता हा विषय कोणास अनुयायी बनविण्यासाठी नसून सर्वांचे ज्ञान सर्वांस देण्यासाठी आहे. गणितातून जसे मूल काढून घेता येत नाही, तसे यातूनही नाही. धर्मसंस्थांच्या अनुदानित शाळांत मात्र पालकाने मागणी केल्यास मुलास सर्वसंमत अभ्यासक्रमानुसार शिकविणे शाळेवर बंधनकारक आहे. सामुदायिक उपासनेतून मूल काढून घेण्याचा हक्कही कायम आहे.

आम्हांस शासनाचे हे म्हणणे तत्त्वतः पटते. शेजाऱ्याचा धर्म न कळता वाढलेले मूल शेजाऱ्याला भिऊ लागते, आणि भीतीतूनच पुढे तिरस्कार जन्मतो. आपल्याविषयी इतरांच्या मुलांना खरी माहिती मिळावी असे आपणांस वाटते ना? मग इतरांविषयी आपल्या मुलांनाही ती मिळाली पाहिजे. परंतु या तत्त्वाला एक अट आहे. वर्गाबाहेर जाण्याचे दार जेथे बंद केले जाते, तेथे आत काय चालले आहे हे पाहण्याची खिडकी सताड उघडी असली पाहिजे. ही खिडकी म्हणजेच स्थानिक मंडळ. ते जागे असेल तर सक्ती समर्थनीय ठरते. ते झोपले तर अल्पसंख्य घरातील मुलाला, कोणी न तपासलेला धडा निमूटपणे ऐकावा लागतो, आणि मग ज्ञानाच्या नावाखाली जुनीच सक्ती परत येते.

मंडळ झोपू शकते, हे लपविण्यात अर्थ नाही. ते केवळ सल्लागार आहे. सभासद विनावेतन, आपापली कामे सांभाळून येतात. प्रत्येक धर्माला व निष्ठेला त्या भागातील संख्येच्या मानाने जागा द्यावयाची असल्यामुळे लहान समाजाच्या वाट्यास फार तर एक खुर्ची येते, आणि तीही भरावयास माणूस सापडत नाही. नव्या कायद्यानुसार अभ्यासक्रम ठरविताना शासनाने प्रसिद्ध केलेले मार्गदर्शनच स्वीकारण्याची मुभा स्थानिक संस्थांस आहे. ते मार्गदर्शन चांगले असेलही. पण चर्चा न करता ते जसेच्या तसे उचलले तर स्थानिक देखरेखीचे नाव राहील आणि जीव जाईल. शिवाय शाळांतील रोजच्या सामुदायिक उपासनेचे स्वरूप मुख्यत्वे ख्रिस्ती असावे हा नियम अजून उभा आहे. एखाद्या शाळेला त्यातून सूट हवी असल्यास ती याच मंडळाकडे मागावी लागते. म्हणजे ज्या मंडळाला आपण केवळ सल्लागार म्हणतो, त्याच्या हाती काही बाबतीत निर्णयही आहे. तेथील आपली खुर्ची रिकामी ठेवणे कोणत्याही लहान समाजाला परवडणारे नाही.

वाचक हो, आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या देशाची व्यवस्था वेल्सहून वेगळी आहे. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे संपूर्णपणे राज्याच्या खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त अथवा अनुदानित संस्थेतही धर्मशिक्षणास वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हे फार मोठे संरक्षण आहे. पण धर्माचा पाठ वेळापत्रकात नसला म्हणून धर्म शाळेत नसतो असे मात्र नाही. तो इतिहासाच्या धड्यात असतो, भाषेच्या पुस्तकातील गोष्टीत असतो, सकाळच्या प्रार्थनेत व स्नेहसंमेलनात असतो. सन २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, सर्व धर्मांची माहिती देणे हे निषिद्ध धर्मशिक्षण नव्हे, असा निर्णय दिला. म्हणजे माहिती दिली जाणार. तिच्यावर लक्ष कोणाचे, हाच प्रश्न उरतो.

वेल्सप्रमाणे धर्माच्या पाठासाठी स्थानिक मंडळ आपल्याकडे नाही. तथापि शिक्षणहक्काच्या सन २००९ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली आहे. तिच्या सभासदांपैकी तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, दुर्बल घटकांतील पालकांस प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. ही समिती पाठ्यपुस्तक बदलू शकत नाही. पण शाळेत कोणती प्रार्थना म्हटली जाते, कोणाच्या जयंतीला कोणते भाषण होते, आपल्या मुलास न विचारता कोणत्या पूजेस बसविले जाते, हे ती विचारू शकते, आणि बैठकीच्या इतिवृत्तात आपला प्रश्न लिहून घेऊ शकते. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे काय? तिच्यावर आपल्या वस्तीतील कोण आहे? ते बैठकीस जातात काय? भगिनींनो, निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या आपण भरल्या आहेत काय?

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. मुलाचे पुस्तक घरात आले की प्रथम आपण वाचा. लिहितावाचता येत नसेल तर मुलाकडूनच वाचून घ्या. बुद्धाविषयी, बाबासाहेबांविषयी, तसेच इतर कोणत्याही समाजाविषयी चुकीचे वा अवमानाचे काही आढळले तर त्या पानाचा आकडा लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांकडे सौम्य शब्दांत, पण सहीनिशी, लेखी विचारणा करा. रागाने केलेले भाषण दुसऱ्या दिवशी विसरले जाते, पण आवक नोंदवहीत चढलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागते. आणि समितीची बैठक असेल त्या दिवशी एका वेळची मजुरी बुडाली तरी चालेल, पण बैठक बुडवू नका.

श्रद्धा देण्याचे काम घराचे व विहाराचे आहे. ते आपण शाळेकडे मागत नाही. शाळेकडे आपण खरी माहिती मागतो. सन १८४७ मध्ये वेल्श लोकांविषयी तीन परक्यांनी लिहिले आणि ते त्यांना मुकाट्याने वाचावे लागले. आज त्यांची नातवंडे-पणतवंडे बावीस गावच्या बैठकांत बसून, आपल्या व इतरांच्या मुलांनी धर्माविषयी काय शिकावे हे ठरवितात. त्या बैठकीतील जागा त्यांस कोणी दानात दिली नाही. आपल्या वस्तीच्या शाळेतही एक खुर्ची कायद्याने आपल्यासाठी राखून ठेविली आहे. पुढील बैठक केव्हा आहे, हे उद्याच शाळेत जाऊन विचारा.